मोठ्यांचा मातीचा वर्ग

दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी मातीत हात घालणाऱ्यांचे छोटे वर्ग आता अनेक शहरांत भरतात. इथला पहिला धडा चाकाचा नसतो, माती मळण्याचा असतो. कणकेसारखी ती नीट मळली की आतली हवा निघते आणि ओलावा सगळीकडे सारखा होतो.

मग येतो सर्वांत अवघड टप्पा. फिरत्या चाकावरचा गोळा बरोबर मध्यावर आणायचा! कोपरं मांडीवर टेकवून, हात स्थिर ठेवून दाब द्यावा लागतो. गोळा मध्यावर नसेल, तर भांड्याची कड एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते.

घडवलेलं भांडं सावकाश वाळवतात. आत ओल राहिली, तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं. पहिली भाजणी साधारण 900 ते 1000 अंश सेल्सियसला होते, मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावून दुसरी. स्टोनवेअर प्रकारची टणक भांडी 1200 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजतात. वाळताना आणि भाजताना माती आकसते, म्हणून कप हवा त्यापेक्षा मोठा घडवावा लागतो.

भारतातल्या स्टुडिओ पॉटरीला, म्हणजे छोट्या कार्यशाळेत हाताने भांडी घडवण्याच्या या कलेला, मोठं बळ मिळालं ते पुदुच्चेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीमुळे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या मातीकाम करणाऱ्या कलावंतांनी ती 1971 साली सुरू केली. तिथे शिकलेले अनेक कलावंत पुढे नावारूपाला आले.

तुम्हालाही शिकायचं असेल, तर नखं कापा, जुने कपडे घाला आणि वर्ग निवडताना भाजणीची सोय आहे का, हे आधी विचारा.