लढाईचा मुकादम



मी मॅट्रिक झालेला, गोदीत ओझी वाहणारा माणूस. कविता करतो म्हणून मला इथं उभं केलंत. पण आज कविता नाही. आज कंत्राटावर बोलतो. ती चीज मला पुस्तकात वाचावी लागत नाही.

आपल्याला वाटतं, ठेकेदार झाडू मारायला माणसं पुरवतो, गोणी उचलायला पुरवतो. अमेरिकेत तो लढाई शिकवायलाही पुरवतो. १९७५ साली व्हिनेल नावाच्या कंपनीला सौदी अरेबियाच्या नॅशनल गार्डला कवायत शिकवायचं कंत्राट मिळालं. रक्कम सुमारे ७ कोटी ७० लाख डॉलर. हे गार्ड म्हणजे राजघराण्याची राखण करणारी फौज. शिकवणारे कोण? व्हिएतनाममध्ये हात रंगवून आलेले माजी सैनिक. वर्दी उतरवली, पगार वाढला. बास.

आता कॅलिफोर्नियातल्या फोर्ट आयर्विनची गोष्ट ऐका. मोहावी वाळवंटातला हा सराव-तळ. २००३ला इराकवर हल्ला झाला आणि मग इथं खोटी इराकी गावं उभी राहिली. त्यातल्या एकाचं नाव मेदिना वसल. त्यावर २००८ साली ‘फुल बॅटल रॅटल’ हा माहितीपटही निघाला. गावात माणसं पाहिजेत ना? मग ठेकेदारानं अमेरिकेत आलेले इराकी भरती केले. कुणी मेयर, कुणी पोलीस, कुणी दुकानदार. सैनिक झडती घेणार, दार फोडणार, हे ओरडणार, रडणार. देश सोडून आलेल्या माणसानं पगारासाठी रोज आपलाच देश पडताना बघायचा! त्यांना हसू नका. पोट सगळ्यांना आहे. साली ही नोकरी ज्यानं काढली त्याच्या डोक्याला सलाम.

आणि मरण? १३ नोव्हेंबर १९९५ला रियाधमध्ये, याच गार्डच्या ट्रेनिंगवर देखरेख करणाऱ्या ऑफिसबाहेर गाडीत बॉम्ब फुटला. ५ अमेरिकन मेले. आणि २ भारतीय. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? मे २००३मध्ये तर थेट व्हिनेलच्या वसाहतीवर हल्ला झाला.

अमेरिकेचा सैनिक मेला तर पेंटागॉन नाव जाहीर करतं. परदेशी तळावर कंत्राटी माणूस मेला तर १९४१च्या एका विमा कायद्याखाली दावा लावायचा. मोजणी त्या दाव्यांची, आणि ती कामगार खात्याकडे. म्हणजे दावा लागला तर माणूस मेला. दूरच्या खेड्यातल्या बाईला हा कायदा कुणी सांगायचा? दावा नाही, मग मढंही नाही.

आमच्या धक्क्यावर वेगळं काय घडतं? माणूस ओझ्याखाली सापडला की साहेब म्हणतो ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो, हा तर मस्टरवर नव्हताच.

तेव्हा वस्तीतलं पोरगं आखातात निघालं की एजंटाची गच्ची धरा. मालक कोण, सही कुणाची, विमा कुणी उतरवला? तळावरचं काम असेल तर तसं कागदावर लिहून घ्या. आणि त्या कागदाची एक प्रत आईच्या ट्रंकेत ठेवूनच त्याला विमानात बसू द्या.