माटोळी आणि कणस
(महोत्सवानिमित्त इब्रामपूर येथे केलेले भाषण)



चतुर्थीला आपण गणपतीच्या वर माटोळी बांधतो. तिच्यात नारळ-सुपारीच्या शेजारी कवंडळ, कांगलां अशी रानातली फळे असतात. ती कोणी पेरलेली नसतात. नव्याच्या दिवशी मात्र आपण भाताची कणसे आणून दारावर बांधतो, आणि ती पेरल्यावाचून येत नाहीत. रान वेचून जगणारा माणूस शेतकरी कसा झाला, ती सारी कहाणी या दोन चालीरीतींत आपल्या घरीच टांगलेली आहे.

आपल्या गोव्यात, सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत. 1993 साली ती अभ्यासकांच्या नजरेस आली. बैल, हरणे, माणसे तेथे दिसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरही अशीच चित्रे आहेत. हत्ती आहे, गेंडा आहे, मासे आहेत. नांगर मात्र नाही. ज्याच्यावर पोट, तेच माणसाने कोरले.

मग शेती आली कशी? रानटी धान्याचे कणस पिकले की दाणे आपोआप गळून पडतात. परंतु एखाद्या रोपाचे दाणे गळत नाहीत. कापणाऱ्याच्या हाती तेच अधिक लागले आणि पुढील साली तेच पेरले गेले. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, तेव्हा न गळणारे कणस तयार झाले. पश्चिम आशियात गहू व जव, चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात भात, आफ्रिकेत आपली नाचणी अशी घडत गेली. परंतु न गळणारा दाणा स्वतः रुजत नाही. त्याला पेरणारा लागतो. माणसाने कणसाला बांधले आणि कणसाने माणसाला. तेव्हापासून पेरणी, राखण, कापणी, मळणी यांतून आपली सुटका नाही.

या बांधिलकीतून कणगी जन्मास आली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. जव हे मुख्य पीक. त्यांनी पुराचे पाणी वळवण्यास चर खोदला होता, धान्याचे कोठारही बांधले होते. पुढे इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, असे अभ्यासक मानतात. ऐसपैस चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली आणि लोक गुरे व शिकार यांवर अधिक विसंबू लागले. शेती एकदा आली म्हणजे कायमची राहिली, असे नाही. त्या लोकांना रान ठाऊक होते, म्हणूनच ते तगले.

मंडळी, आपला हा निधीदेखील एक कणगीच आहे. पिकले त्यातून मूठभर बाजूस ठेवायचे आणि ज्याची चूल विझली त्याला द्यायचे, हा धर्म शेतीनेच शिकवला. परंतु कणगी भरली म्हणून रान विसरणे बरे नव्हे. पहिल्या पावसानंतरचा तायकिळा, आकूर, अळंबी कोठे उगवते, कोणती खावी आणि कोणतीस हात लावू नये, हे आपल्या आजींना ठाऊक आहे. नातवंडांना नाही. माटोळीचे सामान आता म्हापशाच्या बाजारातून येते. त्यातील निम्म्या फळांची नावे विकत घेणाऱ्यालाही सांगता येत नाहीत.

तेव्हा आमची विनंती एवढीच. येत्या चतुर्थीपूर्वी प्रत्येक घरातील एका मुलाने आजीसोबत डोंगरावर जावे, माटोळीचे एक तरी फळ स्वतः शोधून आणावे आणि त्याचे नाव वहीत लिहावे. त्या वह्या विश्वस्तांनी या निधीच्या दप्तरात जपून ठेवाव्यात. बी राखून ठेवणाऱ्या माणसांचे आपण वंशज आहोत. हेही बीच आहे.