बैल गेल्यावरचा झोपा : मक्तेदाराचे दिवाळे व पार्लमेंटची चौकशी

(जाहीर सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी इमारतींचे ठेके व त्यांत बुडणारा गरिबाचा पैसा, या विषयावर बोलण्याची आज्ञा आम्हास झाली आहे. समोर गवंडी आहेत, सुतार आहेत, सेंट्रिंगवाले आहेत, खडी-वाळूच्या गाड्या घालणारे आहेत, ग्रामपंचायतीचे सभासदही आहेत. तेव्हा विषय कोणास परका नाही. तरी उदाहरण मात्र आम्ही आपल्या तालुक्यातील न देता विलायतेतील देणार आहोत. याचे कारण इतकेच की, आपल्याकडे मक्तेदार बुडाला म्हणजे त्याच्या वह्या रयतेच्या दृष्टीस क्वचितच पडतात. तेथे पार्लमेंटाने त्या वह्या बाहेर ओढून चव्हाट्यावर मांडल्या. शेजाऱ्याच्या घरचा पंचनामा वाचून आपल्या घराची कडी तपासावी, हे शहाणपणाचे होय.

कॅरिलियन नावाची एक बलाढ्य कंपनी विलायतेत होती. १९९९ साली ती स्वतंत्र झाली आणि पुढे मोवलेम व आल्फ्रेड मॅकॲल्पाइन या जुन्या बांधकाम कंपन्या गिळून फुगली. इस्पितळे व रस्ते बांधणे, शाळांतील मुलांस जेवण देणे, तुरुंगांची डागडुजी करणे, फौजी लोकांची घरे राखणे, अशी नाना कामे सरकारने तिच्या पदरात टाकली होती. १५ जानेवारी २०१८ रोजी या कंपनीचे दिवाळे वाजले. त्या दिवशी देणे सुमारे ७०० कोटी पौंड, आणि तिजोरीत शिल्लक अवघी २ कोटी ९० लाख पौंड! जगभर तिचे सुमारे ४३,००० नोकर होते, पैकी १८,००० वर विलायतेत. माल व मजुरी पुरविणारे लहानमोठे धंदेवाले सुमारे ३०,००० होते व त्यांचे येणे सुमारे २०० कोटी पौंड होते.

या आकड्यांमागे माणसे आहेत, ती पाहा. लिव्हरपूल शहरात रॉयल लिव्हरपूल नावाचे ६४६ खाटांचे नवे इस्पितळ बांधण्याचा सुमारे ३३ कोटी ५० लाख पौंडांचा ठेका २०१३ च्या डिसेंबरात या कंपनीस मिळाला. मार्च २०१७ मध्ये इमारत तयार व्हावयाची होती. मुदत टळली, तुळयांत दोष निघाले, आणि काम अर्धवट असतानाच मक्तेदार बुडाला. दुसऱ्या मक्तेदाराने हात घातला तेव्हा बांधलेल्या मजल्यांचे पुन्हा मजबुतीकरण करावे लागले, बाहेरील आवरणही आगीच्या नियमांत बसेना. रोगी नव्या इस्पितळात गेले ते २०२२ च्या ऑक्टोबरात. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक येथे दुसरे इस्पितळ २०१८ च्या ऑक्टोबरात उघडावयाचे होते, ते उघडले २०२४ च्या ऑक्टोबरात. मधली वर्षे त्या गावच्या आजाऱ्यांनी जुन्या इमारतींत काढली. त्यांची भरपाई कोणत्या खतावणीत मांडली आहे?

आता ही कंपनी एका रात्रीत बुडाली काय? मुळीच नाही. १० जुलै २०१७ रोजी तिनेच जाहीर केले होते की, आपल्या ठेक्यांतील ८४ कोटी ५० लाख पौंड वसूल होण्यासारखे नाहीत. घराला आग लागल्याची ही दवंडीच होय. तरी आठ दिवस लोटतात न लोटतात तोच, दोन भागीदारांसह, नव्या वेगवान रेल्वेच्या कामाचा सुमारे १४० कोटी पौंडांचा ठेका सरकारने तिला दिला. त्याच वर्षी जून महिन्यात, म्हणजे दवंडी पिटण्याच्या आधी महिनाभर, ५ कोटी ५० लाख पौंड नफा भागीदारांस वाटला गेला होता. २०१६ सालच्या हिशेबावर एकूण वाटणी ७ कोटी ९० लाखांची, कंपनीच्या इतिहासात सर्वांत मोठी. इकडे नोकरांच्या पेन्शनच्या फंडात केवढे भगदाड पडले होते! पण भागीदारांचे पान आधी वाढले गेले आणि जुन्या नोकरांच्या वाट्यास खरकटे आले.

आणि या डामडौलास भांडवल कोणी पुरविले? ते लहान धंदेवाल्यांनी पुरविले! माल घेतल्यावर १२० दिवसांनी पैसे देण्याचा या कंपनीचा शिरस्ता होता, आणि वेळेवर पैसे देऊ अशा सरकारी प्रतिज्ञापत्रावर तिची सहीही होती! ज्यास चार महिने दम धरवत नसे, त्याने बँकेकडून वटाव कापून पैसे घ्यावे, अशी सोय होती. म्हणजे घाम याचा, हक्क याचा, आणि वटावही यानेच सोसावयाचा. बँकेचे हे देणे वहीत कर्ज म्हणून न मांडता दुसऱ्या सदरात मांडले गेले, आणि त्यामुळे कर्जाचा खरा डोंगर बाहेरच्यास दिसेना. आमच्याकडे सावकार कुळास उधार देऊन लुटतो. येथे तर सावकारानेच कुळाकडून उधार घेऊन कुळास लुटले!

कोणी म्हणेल, हिशेबतपासनीस नव्हते काय? होते तर! केपीएमजी नावाची नामांकित पेढी १९ वर्षे हिशेब तपासीत होती, आणि त्याबद्दल तिला मिळाले सुमारे २ कोटी ९० लाख पौंड. शेवटच्या दिवशी कंपनीच्या तिजोरीत जेवढे उरले, जवळजवळ तेवढीच ही दक्षिणा होय. १९ वर्षांत एकदाही तिने आपल्या दाखल्यात ठपका ठेवला नाही. बंधूंनो, आपल्या वाडवडिलांस भट जे मंत्र म्हणे ते कळत नसत. यजमानाने पाणी सोडावे, दक्षिणा द्यावी आणि पुण्य लागले असे मानून घरी जावे. सत्यशोधक समाजाने आपणास शिकविले की, जे कळत नाही त्यास मान डोलवू नये. आजचा नवा भट सोवळे नेसत नाही, तो कोट घालतो. त्याची पोथी ताळेबंद आहे आणि त्याचा मंत्र 'हिशेब बरोबर आहेत' हा आहे. पण यजमान भोळाच राहिला, तर फळ तेच मिळते.

मग पार्लमेंटाने काय केले ते ऐका. लोकसभागृहाच्या दोन समित्या, एक कामगार व पेन्शन खात्याची, दुसरी उद्योगधंद्यांची, एकत्र बसल्या. अध्यक्ष फ्रँक फील्ड व रेचल रीव्ह्ज हे दोघेही मजूर पक्षाचे, आणि सरकार तर हुजूर पक्षाचे. तरी समितीत सर्व पक्षांचे सभासद होते. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी कंपनीचे माजी कारभारी साक्षीस उभे केले गेले. लाखो पौंड पगार घेणाऱ्यांस शाळेतील पोरांप्रमाणे प्रश्न विचारले गेले आणि सारा देश पाहत होता. त्यांनी खेद दाखविला, कतारमधील कामाचे पैसे थकल्याचे सांगितले, दोष इतरांवर ढकलला. समितीने संचालकांच्या सभांचे कागद मागविले, तपासनिसांस बोलाविले, पेन्शनवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांसही सोडले नाही. १६ मे २०१८ रोजी अहवाल निघाला. त्यात संचालकांची हाव व बेफिकिरी, तपासनिसांचा दुबळेपणा आणि देखरेख्यांचा भित्रेपणा, सर्वांस नावानिशी खडसावले आहे. मोठ्या मक्तेदारांवर सरकारतर्फे नजर ठेवणारा एक अधिकारी असतो. कंपनी गटांगळ्या खात असताना तीच जागा २०१७ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत रिकामी होती, हेही उघडकीस आले.

ही चौकशी आम्ही थोर मानतो. लोकांच्या प्रतिनिधीने धनिकास समोर बसवून जाब विचारावा, ही लोकशाहीची शोभा आहे. परंतु कामगार बंधूंनो, तिच्या मर्यादेकडे डोळेझाक करू नका. अहवालाने कोणाचे बुडालेले बिल परत आले नाही. तपासनीस पेढीस २०२३ साली २ कोटी १० लाख पौंड दंड झाला, काही संचालकांस कंपन्या चालविण्याची बंदी झाली. दंड झाला तो पाच वर्षांनी, आणि मजुराचा चुलीचा प्रश्न त्याच संध्याकाळचा होता! यास आपल्याकडे बैल गेला आणि झोपा केला असे म्हणतात.

झोपा आधी करण्याची वेळ आलीही होती. सरकारी व खासगी कामांत बिलाचा काही भाग पुढील दोषांची हमी म्हणून मक्तेदार पोटमक्तेदाराचा दाबून ठेवतो. तो पैसा मक्तेदाराच्या खिशात न राहता वेगळ्या सुरक्षित खात्यात राहावा, असे बिल पीटर आल्डस या सभासदाने ९ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे दिवाळे वाजण्याच्या सहा दिवस आधी, पार्लमेंटात मांडले होते. ते कायद्यात उतरले नाही. भाषणे करणे सोपे. ज्याच्या खिशात दुसऱ्याचा पैसा खुळखुळतो त्याचा खिसा शिवणे अवघड!

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे २०१६ साली दिवाळखोरीची संहिता झाली. कंपनी मोडीत निघाली तर तिच्या मजुरांच्या २४ महिन्यांच्या थकबाकीस तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीचे स्थान तीत दिले आहे, ही चांगली गोष्ट होय. पण तुमचे नाव मोठ्या मक्तेदाराच्या हजेरीपटावर असते काय? ते असते पोटमक्तेदाराच्या वहीत. आणि पोटमक्तेदार हा त्या संहितेत माल-सेवेचा धनको. निर्णय घेणाऱ्या धनको-मंडळात मत असते ते पैसे कर्जाऊ देणाऱ्यांना. खडीवाल्यास व सेंट्रिंगवाल्यास मत नाही. शिवाय दावा लावण्यास किमान थकबाकी पूर्वी १ लाख रुपये लागत असे. ती मर्यादा २०२० च्या मार्चात १ कोटी केली गेली. ज्याचे आठ लाख बुडाले त्याने त्या दारात पाऊलही ठेवू नये, असाच याचा अर्थ! मात्र एक आधार आहे. मक्तेदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचे काम आहे त्या मूळ मालकाने ती द्यावी, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, आणि २०२० च्या संहितेतही ती ठेवली आहे. हा हक्क तोंडपाठ करा. पण तो बजावण्यास हजेरीचा पुरावा लागतो, आणि तो तुमच्याजवळ नसतो.

जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, हे विसरू नका. सरकारी कामावर मजुराच्या नावाने कोण काय खातो हे त्यांनी जवळून पाहिले, आणि इंजिनीयर खात्यातील लबाडीवर कडक लिहिले. ठेका घेणारा माणूस मजुराच्या बाजूने उभा राहू शकतो, ही त्यांची शिकवण आहे.

सबब आमचे मागणे थोडके आहे. प्रत्येक सरकारी कामावर ठेक्याची रक्कम, पोटमक्तेदारांची नावे व दिलेली बिले यांचा फलक मराठीत लावावा. पुढचे बिल देण्याआधी मागच्या बिलातून मजुरी व माल यांचे पैसे खाली पोहोचल्याची खात्री अधिकाऱ्याने करावी. दाबून ठेवलेली अनामत वेगळ्या खात्यात असावी. आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने इमारत पडल्यावर नव्हे, तर ती उभी राहत असताना मोठ्या मक्तेदारांचे हिशेब मागवावे. आमदार मते मागण्यास येतील तेव्हा हे चार प्रश्न त्यांच्या पुढ्यात ठेवा, आणि तोंडी आश्वासनावर समाधान मानू नका. आपल्यापुरते तर आजच करा : हजेरीची वही स्वतः लिहा, तारीख घाला, मुकादमाची सही घ्या. ज्यास लिहिता येत नाही त्याने आपल्या शाळकरी मुलीकडून लिहवून घ्यावी. विलायतेच्या पार्लमेंटाला जी वही शेवटी हाती लागली, ती आपल्या हाती पहिल्या दिवसापासून असली पाहिजे.