भाजीपाल्यावरील रोग : आधी पाहणी, मग फवारणी

(भाजीपाला उत्पादकांच्या मेळाव्यात पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



भाजीपाल्याची शेती ही रोख पैशाची शेती होय. रोपे, ठिबक, तार-बांबूची बांधणी, खते आणि मजुरी यांवर पहिले फळ तोडण्यापूर्वीच मोठा खर्च झालेला असतो. अशा वेळी पिकावर रोग पडला की हंगाम तर जातोच, शिवाय उचललेले कर्जही अंगावर राहते. म्हणून पानावर पहिला ठिपका दिसताच शेतकरी पंप खांद्याला लावतो. त्याची घाई समजण्यासारखी आहे. परंतु रोग कोणता हे ठरण्यापूर्वी केलेली फवारणी पुष्कळदा वाया जाते.

सन २०२० च्या उन्हाळ्याचे उदाहरण घ्या. पुणे आणि अहिल्यानगर (त्यावेळचे अहमदनगर) जिल्ह्यांत टोमॅटोच्या फळांवर लाल, पिवळे व हिरवट पट्टे उमटू लागले. शेतकऱ्यांनी या विकृतीला ‘तिरंगा’ असे नाव दिले. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे तपासले गेले. त्यांत विषाणू आढळले व काकडीवरील मोझॅक विषाणू हा त्यांपैकी एक होता. विषाणूवर बुरशीनाशकाचा काहीही उपयोग होत नाही. विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला बाहेर काढणारे औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. त्याच सुमारास असे टोमॅटो खाल्ल्याने माणसाला रोग होतो, अशी अफवा पसरली. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत, एवढे साधे सत्य शाळेतून घरोघर पोहोचले, तर अशा भीतीला आळा बसू शकतो.

नावांचा घोळ

आपल्याकडे रोगांची नावे लक्षणांवरून पडली आहेत व त्यामुळे कधी कधी फसगत होते. भेंडीवर ‘केवडा’ पडला असे आपण म्हणतो, तेव्हा पानाच्या शिरा पिवळ्या पाडणारा विषाणू अभिप्रेत असतो व तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. काकडी किंवा दोडक्यावर ‘केवडा’ पडला असे म्हणतो, तेव्हा तो पानाच्या खालच्या बाजूस वाढणाऱ्या बुरशीसदृश जीवाचा रोग असतो व तो दमट हवेत फैलावतो. नाव एक, रोग दोन आणि उपायही दोन. ‘करप्या’चीही तीच गत आहे. टोमॅटोचा लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो आणि त्याच्या ठिपक्यांत एकात एक अशी वर्तुळे दिसतात. उशिरा येणारा करपा थंड व ढगाळ हवेत येतो. त्यात पाण्याने भिजल्यासारखे मोठे चट्टे पडतात आणि सकाळी पानाखाली पांढरी लव दिसते. आयर्लंडमध्ये सन १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडवून दुष्काळ आणणारा रोग तो हाच. हवा अनुकूल असली तर आठ-दहा दिवसांत तो शेत काळे करू शकतो. म्हणून दुकानात केवळ रोगाचे नाव सांगून औषध मागू नये. रोगट पान अथवा फांदी घेऊन कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे जावे.

पाहणी कशी करावी

सोयाबीन, कापूस यांसारख्या पिकांसाठी सन २००९-१० मध्ये राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेताची ठरलेल्या दिवशी पाहणी, तिची नोंद आणि नोंदीवरून सल्ला, हे त्याचे सूत्र होय. हेच सूत्र भाजीपाला उत्पादकाने आपल्या शेतात लावावे. आठवड्यातून एकदा, आणि ढगाळ हवेत दोनदा, सकाळी शेतात नागमोडी चालावे. पाच ठिकाणी प्रत्येकी पाच झाडे पाहावीत. पाने उलटून पाहण्यास विसरू नये. पंचवीसपैकी किती झाडे रोगट, लक्षणे वरच्या पानांवर की खालच्या, पाऊस किंवा दव पडले काय, एवढे वहीत लिहावे. गेल्या आठवड्यात पंचवीसांत एक असलेले रोगट झाड या आठवड्यात पाच झाले, तर रोग पसरतो आहे हे वहीच सांगते.

झाड हिरवे असतानाच अचानक मान टाकत असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. खोडाचा बुडाजवळचा तुकडा कापून तो स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात टोक बुडेल असा धरावा. काही मिनिटांत दुधाळ धार खाली उतरू लागली, तर तो जिवाणूजन्य मर रोग होय. कोकणात व गोव्यात वांगी आणि टोमॅटो यांना त्याचा फार उपद्रव होतो. धार न दिसता झाड हळूहळू पिवळे पडले व आतील नळ्या तपकिरी झाल्या, तर बुरशीजन्य मर रोगाचा संशय घ्यावा. शिक्षकांनी ही परीक्षा वर्गात अवश्य करून दाखवावी.

रोग शेतात येण्यापूर्वी

खरे काम रोपवाटिकेपासून सुरू होते. गादीवाफ्यावर, बीजप्रक्रिया करून आणि बारीक कीडरोधक जाळीखाली वाढविलेली रोपे लावावीत. जुन्या, रोगट प्लॉटशेजारी नवी लागण करणे म्हणजे पांढऱ्या माशीला ताट वाढून देण्यासारखे आहे. शेताभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी, पिवळे व निळे चिकट सापळे, वांगी-टोमॅटो-मिरचीनंतर त्याच कुळातील पीक न घेणे, हे स्वस्त उपाय आहेत. तंबाखू मळलेल्या हातांनी मिरची-टोमॅटोच्या रोपांना हात लावू नये. तंबाखूवरील मोझॅक विषाणू हातांवरून रोपांवर जातो. म्हणून आधी साबणाने हात धुवावेत.

रोगप्रतिकारक वाणांचा आधार मोठा आहे. मात्र तो कायमचा नसतो. भेंडीचा पुसा सावनी हा वाण एके काळी केवड्याला दाद देत नसे. पुढे तो बळी पडू लागला. त्यानंतर परभणीच्या कृषी विद्यापीठाने सन १९८५ मध्ये परभणी क्रांती हा वाण दिला. कालांतराने त्याचीही प्रतिकारशक्ती उणावली. वाण चांगला आहे म्हणून पाहणी सोडता येत नाही, हा यातील धडा आहे.

औषध केव्हा आणि कोणते

फवारणी करूच नये, असे माझे म्हणणे नाही. उशिरा येणाऱ्या करप्याची हवा दिसत असता स्पर्शजन्य बुरशीनाशकाचे संरक्षण रोगापूर्वीच द्यावे लागते. परंतु एकाच गटातील आंतरप्रवाही औषध पुनःपुन्हा वापरल्यास रोगकारक त्याला सरावतो. म्हणून गट बदलावेत. लेबलावर त्या पिकाचे व त्या रोगाचे नाव आहे हे पाहावे, पक्की पावती घ्यावी आणि फवारणी व तोडणी यांमध्ये सांगितलेले दिवस पाळावेत. आपली भाजी कोणाच्या तरी मुलांच्या ताटात जाणार आहे, याचे भान ठेवावे.

गावाचे काम

रोग बांध ओळखत नाही. एकाने रोगट झाडे उपटून ओढ्यात टाकली, तर खालच्या शेतकऱ्याचे पीक धोक्यात येते. म्हणून पंचायतीने ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे. हंगाम संपताच पिकांचे अवशेष ठरलेल्या मुदतीत नष्ट करणे, हा पहिला ठराव. वर्षातून काही आठवडे शिवारात टोमॅटो-मिरचीचे एकही उभे पीक न ठेवणे, हा दुसरा. आणि दर आठवड्याची रोगांची स्थिती चावडीच्या फळ्यावर लिहिणे, हा तिसरा. या फळ्यासाठी शाळेने पर्जन्यमापकाची नोंद द्यावी, शेतकऱ्यांनी वहीतील आकडे द्यावेत आणि कृषी विभागाच्या कर्मचाऱ्यांनी त्यावरून सल्ला लिहावा.

या कामाला मोठा निधी लागत नाही. नियमितपणा मात्र लागतो. एका गावाने एक हंगाम हे करून पाहिले, तर कोणती फवारणी गरजेची होती आणि कोणती वाया गेली, हे त्या गावाच्या वह्याच सांगतील. तेवढा आरंभ आपण येथून परतल्यावर करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.