बुडालेला जोड

बोअरमधली मोटार बंद पडली की आपण पहिला दोष मोटारीला देतो, दुसरा विजेला. पुष्कळदा दोष असतो तो केबलच्या जोडात. मोटारीतून निघालेल्या तीन वायरी वरून येणाऱ्या चपट्या केबलला जिथे मिळतात, तो हा जोड. तो दोनशे-तीनशे फुटांवर कायम पाण्यात असतो. तिथे हात पोचवायचा तर सगळे पाइप वर काढावे लागतात. ऐन एप्रिलात, केळी माना टाकत असताना हे काम निघाले की काय होते, ते शेतकऱ्यालाच विचारावे.

तांब्याच्या छोट्या नळीत दोन्ही टोके घालून ती दाबायची, याला कारागीर पंच मारणे म्हणतात. नळी वायरीच्या मापाचीच हवी आणि पंचही त्याच मापाचा. हातोडीने चेपलेली नळी वरून पक्की वाटते, आत पोकळ राहते. सैल जोडात रोध वाढतो, तो तापतो आणि तापून आणखी सैल होतो. पंच मारण्याआधी तारांना सोल्डर लावू नये. सोल्डर मऊ असते, दाबाखाली ते हळूहळू सरकते.

पण खरे काम पुढेच आहे, आणि घाई होते ती इथेच. आमच्या गल्लीत मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. तिथे मी तासन्‌तास बसतो, याचे माझ्या कवीमित्रांना नवल वाटते. एकदा मी म्हणालो, "चाचा, एका जोडाला एवढा वेळ?" ते मान वर न करता म्हणाले, "शायरसाहेब, मोटार परत वर काढायला तुम्ही येणार का?"

चाचा तिन्ही जोड एका रेषेत घेत नाहीत, वर-खाली ठेवतात. म्हणजे ते एकमेकांना भिडत नाहीत आणि केबलही एका जागी फुगत नाही. आकसणारी स्लीव्ह पंच मारण्याआधीच वायरीत ओवून ठेवायची. (ही विसरली की सगळे पुन्हा कापा!) पाण्यातल्या जोडाला आतून गोंद असलेली स्लीव्ह हवी. वायरीचे आवरण आधी पुसून कोरडे करायचे, मग उष्णता मधून टोकांकडे न्यायची, म्हणजे हवा बाहेर निघते. दोन्ही कडांना गोंदाची बारीक रेघ दिसली की पाण्याची वाट बंद झाली. काडेपेटी किंवा लायटरने काजळी धरते, एक बाजू करपते. हॉट एअर गनच बरी.

स्लीव्ह नसेल तर आधी रबरी टेप. ती ताणून, प्रत्येक वेढा मागच्यावर अर्धा चढवून गुंडाळली की आपल्याशीच एकजीव होते. तिच्यावर साधी पीव्हीसी टेप, शेवटचा वेढा न ताणता. ताणलेले टोक पुढे सुटते. नुसत्या पीव्हीसी टेपवर पाण्यात भरवसा ठेवू नये. पाणी तिच्या थरांतून तांब्यापर्यंत पोचते, मग तांबे हिरवे पडते आणि वीज पाण्यात उतरते. अशा वेळी अर्थिंग नीट नसेल, तर ओल्या पायांनी लोखंडी पाइपला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

म्हणून मोटार सोडण्याआधी जोड बादलीभर पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावा आणि मेगरने तपासावा. काटा खाली आला तर जोड कापून नवा करावा. मोटार अजून जमिनीवरच आहे.