अपुरी सेवा आणि अपंगत्वाचे लाभ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात जयलक्ष्मीपुरम, म्हैसूर येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी नाट्यगीते आणि जुन्या आठवणी बाजूस सारून कोणी निवृत्तिवेतनाच्या नियमांवर बोलावयास उभा राहिला, तर श्रोत्यांचे लक्ष घड्याळाकडे जाणे स्वाभाविक आहे. परंतु कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आमच्या मनावर एक जुने ओझे होते. ते उतरविल्यावाचून अन्य विषयावर बोलणे आम्हांस जड गेले असते. (सरकारी टिपणे लिहिता लिहिता ‘मी’ म्हणण्याची सवय सुटली, तेवढे ‘आम्ही’ आपण चालवून घ्यावे.)

गोष्ट पंधराएक वर्षांपूर्वीची. आपल्यापैकीच एक माउली कापडी पिशवीत कागद भरून आमच्या घरी आल्या. मुलगा पदविका घेऊन मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात लागला होता. नोकरीस जेमतेम अडीच वर्षे झाली होती. एका रविवारी श्रीरंगपट्टणहून परतताना मोटारसायकलीला अपघात झाला, मणक्यास इजा झाली आणि कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. “भाऊसाहेब, याच्या नोकरीचं काही मिळेल का हो?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही केंद्र सरकारचे अधिकारी. नियम आम्हांस तोंडपाठ, अशी आमची आणि त्यांचीही समजूत. आम्ही कागद चाळले आणि ठामपणे सांगितले, “निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते. जे साठले असेल ते काढून घ्या.” त्यांनी तसेच केले. १०-सी नमुना भरला, काही हजार रुपये हाती आले आणि खाते बंद झाले.

तीन वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या कामासाठी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मुळातून वाचताना तिच्या पंधराव्या परिच्छेदाशी आम्ही थबकलो. दहा वर्षांची अट सर्वसाधारण निवृत्तिवेतनाची आहे. नोकरीत असताना ज्यास कायमचे व संपूर्ण अपंगत्व येते, त्याने निधीत एका महिन्याची वर्गणी भरली असली तरी तो आजन्म निवृत्तिवेतनास पात्र ठरतो. शिवाय ते अपंगत्व कामावर आले की कामाबाहेर, याचा भेद योजनेने केलेला नाही. त्या मुलाने १०-सी नव्हे, १०-डी नमुना भरावयास हवा होता.

आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि चूक सांगितली. माउली म्हणाल्या, “तुम्हांला तरी कुठं ठाऊक होतं!” मुलगा आतल्या खोलीतून ऐकत होता. त्याने विचारले, “काका, किती मिळाले असते?” योजनेचे सूत्र सेवेच्या वर्षांवर चालते, तेव्हा अल्प सेवेत रक्कमही अल्पच. सप्टेंबर २०१४ पासून किमान १००० रुपये झाले, तत्पूर्वी त्याहूनही कमी. आम्ही आकडा सांगितला. तो क्षणभर थांबून म्हणाला, “म्हणजे माझ्या कॅथेटरचे पैसे निघाले असते.” पुढे अर्जविनंत्या केल्या, काढलेली रक्कम परत भरून खाते उघडता येत नाही, असे उत्तर आले.

तेव्हापासून आम्ही या विषयाचा पाठपुरावा करीत आलो आहोत. ‘सेवा अपुरी आहे’ हे उत्तर देण्यापूर्वी प्रत्येक योजनेस तिचा स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो. राज्य कामगार विमा योजनेचेच पाहा. तीत आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकालात ७८ दिवसांची वर्गणी लागत आली आहे. परंतु कामावर इजा होऊन अपंगत्व आले, तर वर्गणीची अशी कोणतीच अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी संरक्षण आहे. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के, आणि कायमच्या अपंगत्वात वैद्यकीय मंडळ कमाईची शक्ती किती टक्के गेली हे ठरविते त्या प्रमाणात. २०१० च्या दुरुस्तीपासून घर ते कारखाना या वाटेवरील अपघातही त्यात येतो, मात्र त्याचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. म्हणजे तोच अपघात या दुरुस्तीनंतरच्या एखाद्या सोमवारी कामावर जाताना झाला असता, तर प्रकरणाचे रूपच पालटले असते! उपदान, ज्यास आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, त्याच्या १९७२ च्या कायद्यातही पाच वर्षांची अट मृत्यू वा अपंगत्वामुळे नोकरी सुटल्यास लागू नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले; कलमांचे क्रमांक बदलले, ही सवलत राहिली.

आमच्या स्वतःच्या खात्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण तेथे नियम खरोखरच कठोर होता. दहा वर्षांच्या आत अपंग होऊन बाहेर पडणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यास पूर्वी उपदानाव्यतिरिक्त निवृत्तिवेतन नव्हते. ४ जानेवारी २०१९ च्या दुरुस्तीने ती अट गेली. त्याहीपूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास सरकारी आस्थापनेने काढावयाचे नाही, त्याच वेतनावर दुसरे पद द्यावयाचे, आणि पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करावयाचे. तेव्हा कोणी घाईने राजीनामा लिहून मागितला, तर तो देऊ नये.

राहिला प्रश्न ज्यांनी नोकरीच केली नाही अशा मुलांचा. आपल्या मंडळात अशी तीनचार घरे आहेत. मानसगंगोत्रीतील वाक् व श्रवण संस्थेच्या उपचारांसाठी म्हणून म्हैसुरास आलेली आणि येथेच राहिलेली. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या अपत्यास अपंगत्वामुळे उपजीविका करता येत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. फेब्रुवारी २०२१ पासून उत्पन्नाची मर्यादाही शिथिल झाली आहे: अपत्याचे इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या सामान्य दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाहून, म्हणजे आईवडिलांच्या अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के अधिक महागाई साहाय्य याहून कमी असले म्हणजे झाले. मात्र मुलाचे नाव आईवडिलांच्या हयातीतच निवृत्तिवेतनाच्या कागदांत नोंदवून घ्यावे. मागाहून धावाधाव करणारे भाऊबहीण आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

आपली काही मुले अमेरिकेत आहेत. तेथील सामाजिक सुरक्षेत नोकरीचे ‘क्रेडिट’ मोजतात. साधारणतः ४० लागतात, पण चोविशीच्या आत अपंगत्व आल्यास मागील तीन वर्षांतील ६ पुरतात. वयाच्या बावीस वर्षांपूर्वी अपंग झालेल्या अपत्यास आईवडिलांच्या खात्यावरही लाभ मिळतो. दूर देशीच्या मुलांना फोनवर एवढे विचारून ठेवावे.

त्या मुलाचे वय आता चाळिशीकडे झुकले आहे. तो घरून हिशेबाची कामे करतो. या भाषणात त्याची हकीकत सांगण्यास त्यानेच परवानगी दिली, आणि नमुन्यांचे क्रमांक स्पष्ट सांगा असे बजावले. येत्या चार रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही दोघेही मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. येताना वेतनपत्रके, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि बँकेचे पासबुक बरोबर आणावे. १०-सी भरून ठेवला असेल, तर तो सादर न करता तसाच घेऊन यावा.