ठोकळ्याचे बळ

स्वागताध्यक्ष महाशय, यंत्रकाम व ओतकाम या व्यवसायांतील माझे सहकारी, आणि रेवस-बोडणीपासून श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंतच्या किनाऱ्यावरून येथे आलेले नाखवे व मिस्त्री मंडळी,

अध्यक्षाने प्रारंभी आपल्या अपात्रतेचा उच्चार करावा असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मी पाळला असे समजून आपण मला एकदम विषयाकडे जाऊ द्यावे.

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला ज्यांनी ओहोटीच्या वेळी चालत जाऊन पाहिला असेल, त्यांना तेथे चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन लोखंडी तोफा आठवत असतील. आंग्र्यांचे संस्थान खालसा झाल्यानंतरच्या या तोफांवर १८४९ हे साल आणि यॉर्कशायरमधील लो मूर कारखान्याचे नाव आहे. शर्यतीच्या प्रचंड अश्वशक्तीच्या इंजिनासाठी मूळ मोटार-कंपनीच्या बाहेर स्वतंत्रपणे घडवल्या जाणाऱ्या ब्लॉकविषयी, म्हणजे ज्यात सिलिंडर कोरलेले असतात त्या ठोकळ्याविषयी, बोलण्यास मला पाचारण केले आहे, आणि त्या ब्लॉकची वंशावळ तोफेपर्यंतच जाऊन पोहोचते. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये भरीव तोफ अचूक कोरण्याची रीत काढली. पुढे त्याच विद्येच्या आधारे, कापणाऱ्या दांड्याला दोन्ही टोकांस आधार देऊन, त्याने वॉटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर कोरले, आणि पन्नास इंची सिलिंडरात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही अशी ग्वाही वॉटचा भागीदार बोल्टन याने दिली. वॉटच्या कल्पनेचे वर्षानुवर्षे ज्यावाचून अडले होते ते तिला साजेल असे गोल भोक, हे कल्पक मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

इंजिनाची कीर्ती नेहमी हलणाऱ्या भागांना मिळते. पिस्टन, क्रँक, टर्बो यांची नावे पोरासोरांच्या तोंडी असतात. परंतु स्फोटाचा जो दाब पिस्टनला खाली रेटतो, तोच त्याच क्षणी हेडला वर उचकटू पाहतो आणि मेन बेअरिंगच्या कॅपला खाली ढकलून देऊ पाहतो, व या दोहोंना एकमेकांपासून सुटू न देण्याचे काम अचल असा ब्लॉक बिनबोभाट करीत असतो. मोटार-कंपनी त्याची भिंत हिशेबापुरतीच जाड ठेवते, कारण धातूला पैसा पडतो आणि वजन इंधन खाते. ही काटकसर रास्तच आहे. मात्र त्याच ब्लॉकमधून कोणी दुप्पट-तिप्पट शक्ती मागू लागला की बोअर गोलाई सोडतो, रिंगा दाब धरीत नाहीत, गॅस्केट उडते, मेन कॅप जागेवरून सरकू लागते आणि अखेर तिच्या वरच्या पडदीला तडा जातो. (सायलेन्सर काढून आवाज वाढवला म्हणजे शक्ती वाढली असे मानणाऱ्या तरुणांचे ब्लॉक अर्थातच सुरक्षित राहतात.)

अमेरिकेतील ड्रॅग शर्यतवाल्यांची अडचण नेमकी हीच होती. क्रायस्लरचे ३९२ घन इंची हेमी इंजिन त्यांचे लाडके. पण त्याचे उत्पादन १९५८ मध्ये बंद झाले, आणि पुढे भंगारातून शोधलेले जुने ब्लॉक फोडीत बसण्यावाचून गत्यंतर उरले नाही. तेव्हा १९७१ मध्ये एड डोनोव्हन याने त्याच ठेवणीचा, पण अ‍ॅल्युमिनियमचा आणि बदलता येण्याजोग्या लायनरांचा ब्लॉक स्वतः ओतून बाजारात आणला. आज त्या जातीच्या सर्वांत उग्र गाड्यांचा ब्लॉक घडीव अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्यात पाण्याला वाटही ठेवलेली नसते, आणि काही सेकंदांच्या धावेत तो अकरा हजारांहून अधिक अश्वशक्ती सोसतो.

ओतीव लोखंडाचे असे ब्लॉकही पुष्कळ निघतात. त्यांत धातू सरसकट वाढवलेला नसतो. जेथे मोडते तेथेच तो घातलेला असतो. हेड बसते तो डेक जाड, शेजारच्या दोन बोअरांमधली फट भरून टाकलेली, मेन कॅप ओतीवाऐवजी पोलादी आणि दोनऐवजी चार बोल्टांची, त्यांतही बाहेरचे दोन तिरपे, म्हणजे ब्लॉकच्या भरीव अंगात रुतणारे; आणि तेलाची वाट अशी की ते आधी मेन बेअरिंगला पोहोचावे व मग इतरत्र जावे. वाळूचा गाभा ओतताना किंचित सरकला तरी भिंत एका अंगाला पातळ पडते, म्हणून ध्वनिलहरींनी जाडी मोजून खातरजमा केल्यावाचून बोअरला हात लावीत नाहीत. होनिंगपूर्वी हेडच्या जागी जाड लोखंडी पाटा ठेवून बोल्ट ठरलेल्या ताणाने आवळतात. कारण बोल्ट आवळताच बोअर वाकडा होतो, आणि तो वाकडा असताना गोल केला तरच हेड चढवल्यावर गोल राहतो. पाटा काढून डायल गेज फिरवले की काटा हलतो. अजाण पाहणाऱ्याला काम बिघडले असे वाटते, जाणता मात्र समाधानाने गेज पेटीत ठेवतो.

येथे कोणी बीएमडब्ल्यूचे उदाहरण पुढे करील. १९८३ मध्ये नेल्सन पिके ज्या टर्बो इंजिनावर फॉर्म्युला वन शर्यतींचा जगज्जेता झाला, त्याचा ब्लॉक रस्त्यावरच्या साध्या गाडीचा होता, आणि लाखभर किलोमीटर चाललेले ब्लॉक मुद्दाम निवडले जात असे सांगतात. वारंवार तापून-निवून ओतीवातला अंगचा ताण निघून जातो, यात तथ्य आहे. परंतु मुळात जाड ओतलेल्या ब्लॉकलाच म्हातारपण मानवते.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ट्रकच्या इंजिनाला घाट उतरताना विसावा मिळतो. तेच इंजिन बोटीत बसवले की जाळे ओढताना तासन् तास एकाच भाराखाली राबते, आणि वर खारे पाणी असतेच. लायनरच्या बाहेरच्या अंगाला, पिस्टन ज्या बाजूस रेटतो त्याच बाजूस, बारीक भोके पडत जातात, आणि एके दिवशी पाणी तेलात उतरते. अशा वेळी आपला मिस्त्री बोअर वाढवील, लायनर ठोकील, तड्याच्या वाटेने एकाआड एक आटे पाडून पेचांनी थंड शिवण घालील आणि बोट पुन्हा बंदराबाहेर काढील. हे कसब थोर आहे, आणि तेच आपल्या मार्गातली धोंडही झाले आहे. कारण ब्लॉक कोठे मोडतो हे ज्याला नेमके ठाऊक आहे त्याला, तो तेथे मोडू नये असा नवा ओतण्याविषयी आपण कधी विचारीतच नाही. डोनोव्हनने केले ते एवढेच, की मोडतोडीचे ज्ञान त्याने साच्यापर्यंत नेले.

ओतण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नाही असे कोणी म्हणू नये. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर ओतले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिने बनली, आणि शिरोलीच्या भट्ट्यांतले ओतीव आज देशोदेशीच्या वाहनांत जाते. परंतु तेथला साचा दुसऱ्याच्या नकाशावर बनतो.

म्हणून माझी सूचना अशी की, थळ, रेवदंडा, मुरूड व श्रीवर्धन येथील दुरुस्तीच्या कारखान्यांनी फुटलेल्या प्रत्येक ब्लॉकची नोंदवही ठेवावी. तडा कोठून सुरू झाला, भिंत किती उरली होती, बोट कोणत्या कामावर होती, हे तीत लिहावे. आणि वर्षअखेर ते दप्तर कोल्हापूरच्या साचेकारांपुढे ठेवावे. पहिला साचा महाग पडेल. तो खर्च मच्छीमार सहकारी संस्थांनी किती उचलावा आणि ओतकामवाल्यांनी किती, याचा खल दुपारच्या सत्रात व्हावा; त्यासाठी नाखवे मंडळींनी जेवणानंतर बंदराकडे न वळता येथेच थांबावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.